मगरीच्या सोंगातलं वासरू

बाबांचं जुनं घड्याळ माझ्याकडे आलं तेव्हा त्याला पट्टाच नव्हता. रोज चावी द्यावी लागणारं, 34 मिलिमीटरचं, अंगाने पातळ, पांढऱ्या डायलवर बारीक सोनेरी काटे. अशा घड्याळाला मगरीच्या कातड्याचाच पट्टा शोभतो हे डोक्यात पक्कं बसलेलं. खऱ्या मगरीची ऐपत नाही, आणि खरं सांगायचं तर हौसही नाही. म्हणून मगरीची छाप मारलेला एक काळाभोर, चकचकीत पट्टा घेतला. स्क्रीनवर काय रुबाब होता त्याचा!

चौथ्या महिन्यात, बक्कल अडकते त्या भोकापाशी एका खवल्याची कड उचलली गेली. सहज नखाने ओढली तर उन्हाने सोलवटलेल्या कातडीसारखा लांबच्या लांब पापुद्रा हातात आला. खाली करड्या रंगाचं, बोटाला पिठासारखं लागणारं काहीतरी. मगर सोडाच, धड वासरूही नव्हतं. चामड्याचा चुरा गोंदात कालवून त्याचा पत्रा केलेला आणि वरून प्लास्टिकचा थर. पाठीमागे मात्र ठसठशीत अक्षरांत 'जेन्युइन लेदर'.

त्यानंतर आजवर पाच पट्टे झाले. त्यातले दोन चुकले, एक बरा निघाला, दोन अजून वापरात आहेत. एवढ्या भांडवलावर मत द्यायला हरकत नसावी: नकली मगरीचा पट्टा खुशाल घ्या, पण घेताना मगरीकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी पट्टा उलटा करा.

कारण छाप मारणं ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. मगरीच्या पोटावरच्या खवल्यांचा आकार कोरलेली धातूची तापलेली प्लेट चामड्यावर दाबाखाली ठेवली की नक्षी उमटते. हे वासराच्या उत्तम चामड्यावर करता येतं, प्राण्याच्या कातड्याचा वरचा मजबूत थर काढून घेतल्यावर उरलेल्या खालच्या थरावर करता येतं, आणि शुद्ध प्लास्टिकवरही तितकंच सुबक करता येतं. फोटोत तिन्ही सारखेच दिसतात. उलट प्लास्टिकवरची छाप जास्त खोल आणि रेखीव येते, म्हणून फोटोत तोच पट्टा भाव खाऊन जातो. माझा पहिला तसाच होता.

पाठ मात्र फारसं खोटं बोलत नाही. तिथलं अस्तर मऊ, किंचित मखमली, न रंगवलेलं किंवा फिक्या रंगाचं असेल तर बनवणाऱ्याने मनगटाचा विचार केलाय असं समजा. घाम सगळा अस्तरातच मुरतो. पट्टा वास मारायला लागतो तो तिथून, आणि तडे पडायला लागतात तेही बहुतेक वेळा तिथूनच. अस्तर कृत्रिम असलं तर नाक मुरडू नका. चांगल्या कंपन्या मुद्दाम घामाला टिकणारं कृत्रिम अस्तर लावतात आणि ते स्वस्तातल्या चामडी अस्तरापेक्षा जास्त दिवस जातं. फक्त गुळगुळीत, रेक्झिनसारखं चमकणारं अस्तर दिसलं की मी पट्टा खाली ठेवते.

मग कड. इथे दोन पद्धती आहेत. एकीत वरचं चामडं काठावरून वळवून खाली घेतात, साडीला फॉल लावताना काठ दुमडतो तसं. दुसरीत दोन्ही थर सरळ कापून काठाला रंगाचे हात देतात. दोन्ही चांगल्या असू शकतात. पण रंग जाड, रबरासारखा बसलेला असेल तर तो वाकतो त्या जागी हमखास चिरतो आणि पट्टा महिनाभरात दहा वर्षांचा दिसायला लागतो.

या दोन गोष्टी पटल्या की मगच तोंड बघा. पट्टा हलकेच वाकवा. खऱ्या मगरीच्या पट्ट्यात घडी खवल्यांमधल्या खाचेत पडते, कारण तिथे कातडं मुळातच पातळ आणि लवचिक असतं. छापाच्या पट्ट्यात खाच ही फक्त दाबलेली रेघ, म्हणून बारीक सुरकुत्या खवल्याच्या मधूनच आडव्या जातात. माझ्या मगर-छापाच्या दुसऱ्या पट्ट्यावर भिंग धरलं तर एका चौकोनी खवल्यावर वासराच्या केसांची टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं चक्क दिसतात. मला ती फार आवडतात. वरच्या रंगाखाली जनावर शिल्लक आहे याची ती खूण. ज्या पट्ट्यावर भिंगाखालीही काहीच दिसत नाही, तिथे वर रंगाचा नाहीतर प्लास्टिकचा जाड लेप आहे आणि एक दिवस तो सुटणार.

जाता जाता एक गंमत. आपल्याकडे मगर म्हटलं की एकच चित्र उभं राहतं, पण पट्ट्यांच्या धंद्यात अ‍ॅलिगेटर आणि क्रोकोडाइल वेगळे. क्रोकोडाइलच्या अंगावरच्या खवल्यांवर सुईने टोचल्यासारखा एकेक ठिपका असतो. पाण्यातली हालचाल टिपणारं ते इंद्रिय आहे. अ‍ॅलिगेटरला असे ठिपके फक्त जबड्याभोवती. छापाचे पट्टे बहुतेक अ‍ॅलिगेटरच्या पोटाची नक्कल करतात, त्यामुळे 'क्रोको' लिहिलेल्या पट्ट्यावर ठिपके औषधालाही सापडत नाहीत. नक्कल कुणाची केली हेच नक्कल करणाऱ्याला ठाऊक नसतं!

नावांवरून आठवलं. 'अ‍ॅलिगेटर ग्रेन', 'क्रोको प्रिंट', 'एम्बॉस्ड काफ' असं लिहिलेलं असेल तर तो विक्रेता खोटं बोलत नाहीये. ग्रेन, प्रिंट, एम्बॉस्ड म्हणजे छाप, आणि काफ म्हणजे वासरू. ऑस्ट्रियाच्या हिर्श कंपनीचा 'ड्यूक' हा पट्टा वर्षानुवर्षं असाच उघडपणे वासराचा म्हणून विकला जातो आणि लोक आवडीने घेतात. 'जेन्युइन लेदर' या शब्दांवर मात्र माझा काडीचा विश्वास उरलेला नाही. कुठल्या प्राण्याचं, कुठल्या थराचं, पट्ट्याच्या वरच्या बाजूचं की फक्त अस्तराचं, यातलं काहीच ते सांगत नाहीत. वर्णनात प्राण्याचं नावच नसेल तर मी पुढे वाचत नाही.

आता माझ्या दोन चुका. दोन्ही मापाच्या.

पट्ट्याची रुंदी घड्याळाच्या दोन शिंगांमधल्या अंतरावरून ठरते. शिंगं म्हणजे ज्यात पिन बसते ती टोकं. बाबांच्या घड्याळाचं अंतर 18 मिलिमीटर. हे मोजून बरोबर घेतलं होतं. जाडी बघितलीच नाही. पट्टा आला तो शिंगांपाशी चांगला साडेचार मिलिमीटर फुगीर, आत भरणी घातलेला. पातळ घड्याळ त्या दोन उशांमध्ये असं रुतलं की शेजारीण म्हणाली, "अगं, घड्याळाला सूज आलीये का?" पातळ घड्याळाला शिंगांपाशी अडीच-तीन मिलिमीटरच्या वरचा पट्टा घेऊ नये, हे तेव्हा कळलं. फुगीर पट्टा जाडजूड घड्याळालाच शोभतो.

दुसरी चूक लांबीची, आणि ही बारीक मनगटाच्या बायकांनी नीट वाचावी. पट्ट्याची लांबी मिलिमीटरच्या दोन आकड्यांत देतात, 115/75 अशी. मोठा आकडा भोकांच्या बाजूचा, लहान बक्कलच्या बाजूचा. 115/75 किंवा 120/80 हे नेहमीचं पुरुषी माप. माझं मनगट साडेचौदा सेंटिमीटर. शेवटच्या भोकातही पट्टा सैल. मग मी हौसेने घरीच आणखी एक भोक पाडलं, तेही जरा तिरकं. पट्टा घट्ट झाला, पण बक्कल मनगटाच्या मध्यावर न येता एका बाजूला सरकली आणि पुढे उरलेलं टोक दोन्ही कड्यांतून बाहेर येऊन बाहीत अडकायला लागलं. त्याला इलाज नाही, आखूड पट्टाच घ्यावा लागतो. 105/65 च्या आसपास शोधा. सध्या नीट बसणारा जुना पट्टा असेल तर पट्टीने तोच मोजा, बक्कल सोडून. मनगट मोजण्यापेक्षा ते सोपं.

खवल्यांच्या आकाराबद्दल मात्र मी हट्टी आहे. 18 मिलिमीटरच्या पट्ट्यावर मोठे चौकोनी खवले मारले की रुंदीत जेमतेम दोन मावतात आणि पट्टा फरशी बसवल्यासारखा दिसतो. लहान घड्याळाला लहान खवला. त्याहून बरी, सरड्याच्या कातडीची छाप: ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक दाणे. इथे तर नक्कल अस्सलाशी उघड बरोबरी करते, कारण खरी सरड्याची कातडी पातळ असते, कोरडी पडली की तिचे खवले उचलतात. वासरावरच्या छापाला तो त्रास नाही. आणि मगरीच्या पाठीवरच्या उंच कंगोऱ्यांची नक्कल असलेले पट्टे? ते मनगटावर टायर बांधल्यासारखे दिसतात, घेऊ नका.

रंगाचंही तसंच. चकचकीत काळ्यावर नकलीपणा सगळ्यात आधी उघडा पडतो, कारण उजेड प्रत्येक खवल्यावर अगदी एकसारखा पडतो. गडद तपकिरी, अर्धवट चमकेचा, खाचांमध्ये किंचित काळपट असेल तर नजर खवले मोजत बसत नाही. टाके पट्ट्याच्याच रंगाचे. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. पांढऱ्या टाक्यांचा चकचकीत काळा मगर-पट्टा नेमकं तेच सोंग आणायला जातो.

काहीजण म्हणतात, नकली घेतला म्हणजे मगर वाचली. इथे मी जरा अडखळते. अमेरिकेत 1967 मध्ये अ‍ॅलिगेटर संकटग्रस्त ठरली होती आणि 1987 मध्ये ती सावरल्याचं जाहीर झालं. वन्यजीवांच्या व्यापारावरचा साइट्स करार 1973 चा, 1975 पासून लागू. तिथल्या लुइझियाना राज्यात अ‍ॅलिगेटर पाळणारे रानातली अंडी घेऊन पिल्लं वाढवतात आणि ठरलेला वाटा पुन्हा दलदलीत सोडतात, त्यामुळे जमीनमालकाला दलदल राखण्यात फायदा दिसतो. शिवाय माझ्या मनगटावर वासरू आहेच. तेव्हा मगरीसाठी अश्रू ढाळायचे तर ते नक्राश्रूच ठरतील. मी छापाचा पट्टा घेते तो स्वस्त म्हणून, आणि घामाने खराब झाला तर जीव हळहळत नाही म्हणून. ज्यांना चामडंच नको, त्यांनी मायक्रोफायबरचा घ्यावा, पण तसं स्पष्ट लिहिलेला.

सध्याचा पट्टा सरड्याच्या छापाचा, गडद तपकिरी, 18 चा बक्कलकडे 16 होत जाणारा. 16 मुद्दाम शोधला, कारण बाबांची मूळ बक्कल डब्यात सापडली आणि ती 16 ची होती. बसवताना शिंगांना चिकटपट्टी लावली, पिन सटकून ओरखडा पडू नये म्हणून. एका दिवसाआड घालते, मधल्या दिवशी तो उघडा वाळतो.

बाबांनी परवा घड्याळ हातात घेतलं, आधी कानाला लावलं, मग पट्टा उलटा करून अंगठा फिरवला. "कशाचा गं?"

"वासराचा, बाबा. वर सरडा छापलाय."

"बक्कल आपलीच ना?" एवढंच विचारलं आणि चावी द्यायला लागले.