हेल्मेटची ‘काच’ काच नसते

‘जुनं हेल्मेट 10 मिनिटांत नव्यासारखं’ हा निरोप गेल्या पंधरवड्यात मला तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आला. त्यात चार उपाय आहेत: काच टूथपेस्टने घासा, डाग आणि स्टिकरचा चिकटा पेट्रोलने काढा, वर काच पुसायच्या स्प्रेने हात फिरवा आणि शेवटी कडक उन्हात वाळवा. माझ्याच ओळखीतल्या दोघांनी हे करूनही पाहिलं, म्हणून लिहितोय.

सगळा घोटाळा त्या ‘काच’ शब्दापासून सुरू होतो. आपण सवयीने काच म्हणतो, पण ते असतं पॉलीकार्बोनेट. म्हणजे प्लॅस्टिक. आपटलं तर काचेसारखं फुटत नाही, पण ओरखडे मात्र काचेपेक्षा फार लवकर घेतं.

आता टूथपेस्ट. तिच्यात सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड असते, आणि ती पूड दातांच्या कठीण एनॅमलवरचा थर घासून काढण्यासाठी घातलेली असते. चांगल्या व्हायझरवर, म्हणजे याच ‘काचे’वर, ओरखडे अडवणारा एक अतिशय पातळ लेप दिलेला असतो. तोच या पुडीने झिजतो. दिवसा काच स्वच्छ दिसते, म्हणून लोक खूश होतात. खरं काय झालंय ते रात्री कळतं. समोरून ट्रकचा दिवा आला की त्या बारीक ओरखड्यांमध्ये उजेड फाकतो आणि रस्ता दिसेनासा होतो. पावसात तर विचारूच नका.

हा उपाय आला कुठून, तेही सांगतो, कारण तो अगदीच हवेतला नाही. गाडीचा पिवळा पडलेला हेडलाइट टूथपेस्टने खरंच उजळतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी खराब झालेला वरचा थर घासला जातो, एवढंच. पण त्याबरोबर उरलासुरला संरक्षक लेपही जातो, आणि नवा लेप दिला नाही तर काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा पडतो. व्हायझर मात्र डोळ्यांसमोर असतो. त्यातून आरपार बघायचं असतं.

पेट्रोलचा उपाय मला सगळ्यात धोकादायक वाटतो. हेल्मेटच्या आत डोक्याभोवती थर्माकोलचा जाड थर असतो. आपटल्यावर तो दबतो आणि धक्का स्वतःवर घेतो. गणपतीची मखरं थर्माकोलची असायची तेव्हा ज्यांनी ती रंगवली असतील त्यांना आठवेल, चुकीचा स्प्रे मारला की थर्माकोल डोळ्यांदेखत खचायचा. पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर त्याचं तेच करतात. कडेने आत झिरपलं तर अस्तराखाली काय झालंय ते बाहेरून दिसतही नाही. प्लॅस्टिकच्या कवचाचंही तसंच. एका ओळखीच्याने गॅरेजमधल्या पेट्रोलच्या फडक्याने व्हायझर पुसून घेतला होता. काही आठवड्यांनी स्क्रूच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटल्या. स्क्रूपाशी प्लॅस्टिकवर आधीच ताण असतो, आणि द्रावक लागला की ते तिथेच पहिल्यांदा तडकतं. अमेरिकेत हेल्मेटवरच्या लेबलावर हे छापणं नियमानेच सक्तीचं आहे: काही साध्या, नेहमीच्या पदार्थांनीही हेल्मेटचं गंभीर नुकसान होऊ शकतं आणि ते नजरेला दिसत नाही.

काच पुसायच्या काही स्प्रेंमध्ये अमोनिया असतो. पॉलीकार्बोनेटला तो चालत नाही, आणि वाफ न धरणारा लेप असेल तर तोही खराब होतो. उन्हाचं म्हणाल तर ओलं अस्तर रात्रभर पंख्याखाली सुकतं. त्यासाठी हेल्मेट गच्चीवर तापत ठेवायचं कारणच नाही.

मग करायचं काय? आधी धूळ वाहत्या पाण्याने घालवा. कोरड्या फडक्याने कधीच पुसू नका, कारण धूळच पॉलिशपेपरचं काम करते. किडे चिकटले असतील तर भिजवलेलं मऊ फडकं 10-15 मिनिटं तसंच वर ठेवा. ते सैल होतात, घासावं लागत नाही. कोमट पाण्यात सौम्य शाम्पूचे दोन थेंब पुरतात. स्टिकरचा चिकटाही कोमट ओल्या फडक्याने मऊ करून बोटानेच सोडवायचा. वेळ लागतो, पण निघतो. पुसायला मायक्रोफायबर किंवा जुना धुतलेला सुती बनियन घ्या. वर्तमानपत्राचा कागद नको.

टूथपेस्ट आधीच लावून झाली असेल तर अंधाऱ्या खोलीत व्हायझरमधून मोबाइलच्या टॉर्चकडे बघा. उजेडाभोवती जाळं दिसलं तर व्हायझर बदला. बहुतेक हेल्मेटांचा तो सुटा मिळतो. थर्माकोलला पेट्रोल लागलं असेल तर मात्र हेल्मेटच नवं घ्या.