सरबतात पाक घातला की शुगर वाढत नाही? हिशेब तरी करा

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली, जळगाव-भुसावळचा पारा ४५ कडे सरकू लागला, की हा मेसेज घरोघरच्या ग्रुपवर येतोच: 'सरबतात कच्ची साखर घालू नका, थंड पाण्यात ती विरघळत नाही. उकळून पाक करा. साखरेतली उष्णता निघून जाते, निम्म्या साखरेत तेवढीच गोडी येते, शुगर वाढत नाही आणि पाक वर्षभर टिकतो.'

साखर थंड पाण्यात विरघळते, आणि भरपूर विरघळते. शून्य अंशाजवळच्या १०० मिली पाण्यातही पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास साखर मावते. फक्त वेळ लागतो. आपली किराणा दुकानातली साखर दाणेदार, त्यात माठातलं गार पाणी आणि वरून बर्फ. मग तळाशी साखर बसते, वरचं सरबत आंबट लागतं आणि माणूस आणखी एक चमचा टाकतो. एवढ्यापुरता पाक खरंच कामाचा: लगेच मिसळतो, वाया जात नाही, गाडीवाल्याचे हात वाचतात.

पण 'निम्मी साखर' कुठून आली? एक किलो साखर आणि एक लिटर पाणी घेतलं तर पाक दोन लिटर होत नाही, साधारण १.६ लिटर होतो. म्हणजे ३० मिली पाकात १८ ग्रॅमच्या वर साखर, साडेचार लहान चमचे. चमच्याला चमचा लावून पाहिलं तर पाकात साखर कमी दिसते, कारण उरलेलं पाणी आहे. गोडीही तेवढीच कमी. मग धार जरा जास्त धरली जाते, आणि धार कोण मोजतं? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत, आणि जमलं तर २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. ग्लासाला ३० मिली पाक धरला, तर दोन ग्लासांत २५ ग्रॅमची मर्यादा गेली.

उकळल्याने उष्णता निघून जाते, हेही तसंच. निघून जाते ती वाफ. जितकं जास्त उकळाल तितका पाक दाट, म्हणजे चमच्यामागे साखर जास्तच. खरं तर उकळायचीही गरज नाही, कडक पाण्यात ढवळली तरी भागतं.

शुगरचं म्हणाल, तर लिंबू पिळून उकळलेल्या पाकात थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. आतडं तेच काम करतं. त्यामुळे मधुमेह असलेल्या माणसाला पाकात काडीची सूट नाही. गुळाच्या किंवा खडीसाखरेच्या पाकालाही नाही. गुळातही बहुतांश साखरच असते.

वर्षभर टिकण्याचं तर सोडाच. निम्मं पाणी असलेला पाक आपल्याकडच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवला तर आंबतो. दोन भाग साखरेला एक भाग पाणी घेऊन केलेला दाट पाक जास्त टिकतो, पण तोही कोरड्या बाटलीत, फ्रिजमध्ये. फेस आला किंवा बुरशी दिसली, तर गाळून वापरू नका, ओतून द्या.