चार वेळा बूट भिजवले म्हणून...

अहो अनामिक (नाव लिहायला काय होतं हो, पण असो),

दलदलीत हरणाचा माग काढण्यावर मी जो लेख टाकला होता त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. आधी सोडून देणार होतो, पण दोन जणांनी विचारलं की उत्तर का नाही दिलं, म्हणून लिहितोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती इथे देतो: "भाऊ, चार वेळा बूट भिजवले म्हणून कोणी शिकारी होत नाही. मार्चमधला माग नोव्हेंबरात काय कामाचा? रब काय, स्क्रेप काय, सगळा रात्रीचा कारभार असतो, आणि तुम्ही सारखे आत शिरून हरणं उठवताय. चिखलात मागच्या नख्या उमटल्या म्हणजे बक, असंही नसतं. मका टाका, कॅमेरा लावा आणि घरी बसा." (बक म्हणजे नर हरीण, रब म्हणजे त्याने शिंगं घासून सोललेलं खोड, स्क्रेप म्हणजे त्याने खुराने खरवडलेली जमीन.)

पहिल्यांदा जे बरोबर आहे ते मान्य करतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की ऐकून घेत नाही. खुराच्या मागे वरच्या अंगाला ज्या दोन छोट्या नख्या असतात त्या मऊ चिखलात मादीच्याही उमटतात, पाय खोल गेला की उमटणारच. मी लेखात घाईत "नख्या दिसल्या म्हणजे बक" असं लिहून गेलो, ती चूक माझी, वाक्य बदललंय. झालं?

आता "चार वेळा बूट भिजवले". मुद्दा मांडायला हरकत नाही हो, पण ही भाषा कसली? तुम्ही मला ओळखत नाही, मी कुठे, किती वर्षं, कोणाबरोबर फिरलोय तुम्हाला माहीत नाही, आणि "भाऊ" म्हणून खांद्यावर हात टाकून कानाखाली काढायची ही पद्धत मला तरी पटत नाही. मी 2007 पासून अमेरिकेत, मिशिगनमध्ये आहे. इथे 1 जानेवारी 1960 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला लायसन्ससाठी हंटर सेफ्टीचा कोर्स लागतो, तो मी माझ्या मुलाच्या वयाच्या पोरांच्या शेजारी बसून केला, मास्तर विचारायचे आणि पोरं माझ्याआधी हात वर करायची. पहिले तीन सीझन एक हरीणसुद्धा धड दिसलं नाही. मग कामावरच्या एका रिटायर व्हायला आलेल्या माणसाने मला फेब्रुवारीत, पाणी गोठलेलं असताना, दलदलीत नेलं आणि म्हणाला, उन्हाळ्यात जिथे जाता येत नाही तिथे आत्ता चालून घे. तेव्हापासून दरवर्षी जातोय. चार वेळा म्हणे! एका वर्षी मार्चमध्ये बर्फ कुजलेला होता ते कळलं नाही, डावा पाय मांडीपर्यंत गेला आणि पाय वर आला तो नुसता मोजा घालून, बूट खालीच. पालथा पडून, बाही खांद्यापर्यंत चिखलात घालून तो बूट शोधला, आणि उलटा केला तर आतून काळं पाणी आणि कुजक्या अंड्यासारखा वास. तर तुमच्या हिशोबात ही एक वेळ धरायची की नाही?

आणि मार्चच का, तर त्यासाठीच. पाणकणसं आडवी झालेली असतात, झुडपांना पान नसतं, बर्फ नुकताच गेलेला असतो, त्यामुळे मागच्या नोव्हेंबरात हरणं कुठून चालली त्या वाटा हातावरच्या रेषांसारख्या दिसतात. जूनमध्ये त्याच जागी उभे राहा, छातीएवढ्या हिरव्यात शेजारचा माणूस दिसायचा नाही, वर डास आणि गोचिड्या. शिवाय मार्चमध्ये हरीण उठलं तरी नोव्हेंबरपर्यंत ते विसरून जातं. मी मार्चमध्ये जातो म्हणून तुम्ही हसताय, पण हाच तर हरणं न उठवण्याचा मार्ग आहे, हे लेखात दुसऱ्याच परिच्छेदात होतं. वाचला असता तर.

"सगळा रात्रीचा कारभार." स्क्रेपचं मी कधी नाकारलं? जमीन खुराने खरवडून वरच्या फांदीला तोंड घासायचं, हे बक बहुतेक अंधारातच करतो, म्हणून उघड्या कडेच्या स्क्रेपवर मी बसतच नाही. पण रबचं तसं सरसकट नाही म्हणता येत. मी लिहिलेली जागा बघा: चहूकडे गुडघाभर पाणी, मध्ये टॅमरॅक नावाच्या झाडाच्या मुळांनी उचललेला एक उंचवटा, जेमतेम दोन खाटा मावतील एवढा. त्यावर वाळलेलं गवत दाबून केलेली लांबट बसकण, तिच्यात राखाडी केस, बाजूला लेंड्या. आणि तिथून साठ पावलांवर माझ्या मनगटापेक्षा जाड सीडरचं खोड, गुडघ्यापासून कमरेपर्यंत सोललेलं, सालीच्या चिंध्या खाली लोंबतायत. सोललेली बाजू कुठली? उंचवट्याकडची. बक ज्या बाजूने येतो त्याच बाजूला शिंगं घासतो, म्हणजे तो उठून बाहेर निघालेला होता, आणि बाहेर निघतो संध्याकाळी. पुढची दोन खोडंही त्याच बाजूला सोललेली. बसकणीपासून साठ पावलं चालायला त्याला मध्यरात्र होते का? सांगा ना.

माझा अनुभव ऐका हवं तर. याच उंचवट्यावर मला दोन वर्षांपूर्वी खात्री होती की मोठा बक बसतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, इथे 1 ऑक्टोबरपासून धनुष्याचा सीझन सुरू होतो, मी म्हटलं एकदा बघून येऊ बसकण ताजी आहे का, वारा पाठीमागून होता पण म्हटलं दोनच मिनिटं, आणि तीस पावलांवरून तो उठला. पाणी उडालं, पांढरी शेपटी वर, आठ टोकांची शिंगं, मी बघतच राहिलो. म्हणजे माग खरा होता! भरदिवसा, अकरा वाजता, तिथेच होता! त्यानंतर त्या सीझनला तो परत दिसला नाही, 15 ते 30 नोव्हेंबर बंदुकीचे सोळा दिवस मी शिकाऱ्याचं भडक केशरी जाकीट घालून बसलो तरी नाही, पण ते वेगळं, प्रश्न माग खरा की खोटा हा होता.

मक्याचं म्हणाल तर लोअर पेनिन्सुलात, म्हणजे मिशिगनच्या दक्षिणेकडच्या भागात, 2019 मध्ये आमिष टाकायला बंदी आली, हरणं एका ढिगावर तोंडाला तोंड लावतात आणि रोग पसरतो म्हणून. तेव्हा दुसऱ्याला शिकवायच्या आधी जरा नियम वाचा. तुम्ही स्वतः किती वेळा आत गेलायत हे मात्र प्रतिक्रियेत कुठेच नाही, ते मुद्दाम राहिलं का?

राहता राहिला कॅमेरा. लावलाय. मागच्या वर्षी त्याच सीडरला बांधला होता. कार्डावर साडेचारशेच्या आसपास फोटो, बहुतेक वाऱ्याने हलणारी पाणकणसं, चार रॅकून, एक माझीच टोपी. बकचा एकच आहे, मान खाली, शिंगं खोडाला लावलेली, अगदी स्वच्छ. वेळ रात्री 2.40. तो मी लेखात टाकला नव्हता. आता हसा.