मांजर सोडा, सिझियमचा अणू बघा

'क्वांटम', म्हणजे अणू-कणांच्या वागण्याचं विज्ञान, म्हटलं की आपल्याकडे एकतर श्रोडिंगरचं एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं मांजर निघतं, नाहीतर 'हे आपल्या ऋषींना आधीच ठाऊक होतं'. मला दोन्हींचा कंटाळा आलाय. ते मांजर 1935 साली कागदावरच जन्मलं, तेही क्वांटमच्या विचित्रपणाला चिमटा काढायला. प्रत्यक्ष झालेले प्रयोग त्याहून कितीतरी भारी आहेत.

1985 मध्ये अँथनी लेगेट आणि अनुपम गर्ग या भौतिकशास्त्रज्ञांनी व्यवहारी माणसाची बाजू गणितात मांडली. वस्तू दर क्षणी कुठल्यातरी एकाच स्थितीत असते आणि तिला धक्का न लावता ती स्थिती बघता येते, एवढं धरलं की वेगवेगळ्या वेळच्या मोजमापांतून निघणारा एक आकडा 1 च्या वर जाऊच शकत नाही. क्वांटमचा हिशोब 1.5 पर्यंत पोचतो. गंमत म्हणजे लेगेट क्वांटमचे भक्त नव्हते. मोठ्या वस्तूंपाशी हा सिद्धांत अडेल, अशी त्यांना शंका होती. शंकेखोर माणसानं लिहिलेली परीक्षा म्हणून मला ती जास्त विश्वासाची वाटते.

पण आकडा 1 च्या वर गेला, तर समोरचा म्हणणारच, 'तुमचाच हात लागला!' यावर जर्मनीतल्या बॉनच्या प्रयोगशाळेनं 2015 मध्ये केलेली युक्ती बघा. लेसरच्या जाळीत सिझियमचा एकच अणू. त्याच्या दोन अवस्था. मोजायच्या वेळी फक्त एका अवस्थेतला अणू उचलून लांब सरकवायचा. अणू लांब गेला नसेल, तर तो दुसऱ्या अवस्थेत होता आणि आपण त्याला शिवलेलोही नाही. फक्त अशाच नोंदी धरायच्या. मग अवस्थांची अदलाबदल करून पुन्हा तेच. आकडा आला सुमारे 1.4.

बंगळुरूच्या रमण संशोधन संस्थेत उर्बसी सिन्हांच्या गटानं एकेकट्या फोटॉनवर (प्रकाशाच्या कणावर), 'हात लागला' यासारख्या पळवाटा बुजवून, हीच मर्यादा मोडली. 2022 सालची गोष्ट. आपल्या पेपरांत त्याची मोठी बातमी झाल्याचं मला तरी आठवत नाही.

आता 'वास्तव नसतंच' म्हणून नाचणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोमच्या सिद्धांतात कणाला कायम ठाम जागा असते, आणि तो या निकालानंतरही शाबूत आहे. कारण तिथं न शिवता केलेलं मोजमापसुद्धा कणाला नेणाऱ्या लाटेत बदल करतं. शिवाय एक अणू म्हणजे मोठी वस्तू नव्हे. व्हिएन्नात 2019 मध्ये सुमारे 2000 अणूंच्या रेणूंनी क्वांटम सांगतं तसं लाटेसारखं वागून दाखवलं, तरी धुळीचा कण त्याहून प्रचंड मोठा. लेगेटची शंका तिथं अजून जिवंत आहे. पैज लावायची तर मी क्वांटमवरच लावीन, पण लेगेट जिंकले तर जास्त मजा येईल.