बॅजरच्या केसाने खारं पाणी गोड होत नाही

दाढीच्या ब्रशबद्दलचा एक मजकूर सध्या आमच्या भागातल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर फिरतो आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: दाढीला बॅजर या प्राण्याच्या केसांचाच ब्रश वापरावा. त्याने दाढीचे केस उभे राहतात आणि साबण मुळापर्यंत पोचतो. तो पाणी शोषतो म्हणून कुठल्याही पाण्यात दाट फेस देतो. नायलॉनचा ब्रश कातडी सोलतो. नैसर्गिक केसात जंतू राहत नाहीत. केस कातरून घेतात, प्राण्याला इजा होत नाही. ‘सिल्व्हरटिप’ लिहिलेला ब्रश सर्वात अस्सल, जाळून खात्री करावी. आणि रोज उकळत्या पाण्यात बुडवून उलटा टांगला की तो जन्मभर टिकतो.

दर्यापूर तालुक्यात माझं सलून आहे. वडिलांनी सुरू केलेलं दुकान मी चालवतो, त्यामुळे हा मजकूर दाखवून ‘घेऊ का?’ असं विचारणारे रोज भेटतात. सोयाबीनचे पैसे हातात आले की काहीजण विचारायच्या आधीच मागवून मोकळे होतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहितो आहे.

‘कुठल्याही पाण्यात दाट फेस.’ सर्वात मोठी चूक इथेच आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. बॅजरचा केस स्वतः फारसं पाणी पीत नाही. झुपका दाट असतो आणि पाणी केसाकेसांमधल्या फटींत अडकून राहतं. खरं पाणी शोषतो तो डुकराचा राठ केस, म्हणून तो ब्रश आधी भिजत ठेवावा लागतो. पण ब्रश कोणताही असो, साबणाचा फेस व्हायचा की नाही ते पाणी ठरवतं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळतं आणि त्याची न विरघळणारी साय तयार होते. जेवढा साबण त्या सायीत गेला तेवढा फेसाला कमी पडला. आमच्याकडे तर त्याहून कठीण गत आहे. अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. इथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात जडपणा आहे आणि वरून मीठही आहे. मीठ वाढलं की साबण पाण्यात नीट विरघळतच नाही.

हे कोणालाही घरी पाहता येतं. दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत अर्धी बाटली बोअरचं पाणी, दुसरीत तेवढंच शहानूर धरणावरून येणाऱ्या नळाचं किंवा कॅनमधलं आरओचं. दोन्हींत साबणाचा नखाएवढा कीस टाका आणि सारखंच हलवा. गोड्या पाण्याच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस चढतो आणि बराच वेळ टिकतो. बोअरच्या बाटलीत वर विरळ बुडबुडे येतात, लगेच बसतात, पाणी दुधाळ होतं आणि त्यात पांढरे कण तरंगायला लागतात. ते पांढरे कण म्हणजे वाया गेलेला साबण. माझा एक गिऱ्हाईक कास्तकार दोन हजारांच्या वर पैसे घालून मागवलेला ब्रश घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, “भाऊ, एवढा महागाचा ब्रश, तरी काहून फेस येत नाही?” मी त्याचाच ब्रश घेतला, त्याचीच क्रीम घेतली, फक्त वाटीत कॅनचं पाणी घातलं. वाटी फेसाने भरली. मग माझ्या टेबलावरचा साधा कृत्रिम धाग्याचा ब्रश घेऊन तेच केलं. तशीच वाटी भरली. त्याला म्हटलं, “पाणीच खारं आहे आपलं, त्याले ब्रश काय करन?”

एका दाढीला पाणी लागतं किती? पेलाभर पुरे. एवढं गोडं पाणी आज खारपाणपट्ट्यातल्या घरातही निघतं. पावसाळ्यात पत्र्यावरून पहिल्या एक-दोन सरींचं पाणी वाहू द्या आणि नंतरचं स्वच्छ भांड्यात धरा, त्यातही फेस चांगला येतो. यवतमाळ, चंद्रपूरकडे जिथे पाणी जड आहे पण खारं नाही, तिथे उकळून निवू दिलं की थोडा जडपणा खाली बसतो. वरचं नितळ पाणी घ्यावं. खारपाणपट्ट्यात मात्र उकळून काही मिळत नाही. मीठ उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की ते जास्तच घट्ट होतं.

‘नायलॉनचा ब्रश कातडी सोलतो.’ जुना, जाड धाग्याचा, टोकं बोथट कापलेला स्वस्तातला नायलॉन ब्रश खरंच टोचतो. तेवढ्यापुरता मजकूर बरोबर आहे. पण तो अनुभव सगळ्या कृत्रिम ब्रशांच्या माथी मारणं चूक आहे. आता मिळणाऱ्या चांगल्या ब्रशांचा धागा बारीक असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. बॅजरच्या केसाचं टोकही तसंच निमुळतं असतं, आणि गालाला मऊपणा टोकाकडूनच कळतो. घेताना ब्रश कोरडाच हाताच्या पाठीवर दाबून गोल फिरवा. टोचला तर ठेवून द्या, मग तो कशाचाही असो. डुकराच्या केसांचा ब्रश सुरुवातीला राठ लागतो, पुढे वापरून वापरून केसांची टोकं फुटतात तसा मऊ होतो. तो काही वाईट ब्रश नाही. मात्र अनेकांना डुकराचा केस चालत नाही, आणि विकणारे ते सांगत नाहीत. वेष्टनावर नुसतं ‘नैसर्गिक केस’ असेल तर कोणत्या प्राण्याचे हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि माझ्या धंद्यातल्या भावांनी तर ते न विचारता सांगावं.

‘नैसर्गिक केसात जंतू राहत नाहीत.’ हे धोकादायक आहे, आणि इतिहास नेमका उलट सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या आधी ब्रशसाठी केस परदेशातून यायचे आणि त्यांचं निर्जंतुकीकरण होऊन मग ते वापरले जायचे. युद्धाने ती घडी मोडली. बॅजर मिळेना, म्हणून घोड्याच्या केसांना बॅजरसारखा रंग देऊन ब्रश बनवले गेले. त्या केसांत अँथ्रॅक्सचे जंतू होते, म्हणजे आपल्याकडे गुरांना होते ती काळपुळी किंवा फाशी. ब्रिटन आणि अमेरिकेत सैनिक आणि साधी माणसं मिळून २०० हून जास्त लोकांना दाढीच्या ब्रशातून हा रोग झाल्याची नोंद आहे. ज्या ब्रशांनी तो दिला ते नैसर्गिक केसांचेच होते. आज कारखान्यात केस नीट शुद्ध केले जातात आणि ती भीती राहिलेली नाही. पण ‘नैसर्गिक म्हणजे निर्जंतुक’ हे कधीच खरं नव्हतं.

आजची आपली भीती वेगळी आहे. गजकर्ण किती वाढलंय ते गावातल्या कोणत्याही डॉक्टरला विचारा. दाढीच्या जागी होणारं गजकर्ण, केसांच्या मुळाशी येणाऱ्या पुळ्या, या गोष्टी एकाच ओल्या ब्रशाने पाठोपाठ दहा तोंडांवर जाऊ शकतात. वस्तऱ्यात दर गिऱ्हाईकाला नवं पातं हे आता गावोगावी रुजलंय, लोक स्वतः बघून घेतात. ब्रशाकडे मात्र कोणी बघत नाही. ब्रश बॅजरचा असला म्हणून त्यात काही फरक पडत नाही. उलट दाट केसांचा झुपका बुडाशी जास्त वेळ ओला राहतो. कृत्रिम धागा पाणी पीत नाही, झटकला की लवकर कोरडा होतो, आणि श्रावणात आठ-आठ दिवस ऊन नसतं तेव्हा हे फार महत्त्वाचं असतं. माझ्या दुकानात नेहमीचे लोक आपापला ब्रश आणतात किंवा नाव घालून इथेच ठेवतात. ज्याच्याकडे नाही त्याला मी धुतलेल्या हाताने क्रीम लावतो. गिऱ्हाईकांनी हे प्रत्येक सलूनमध्ये मागावं. मागितलं की मिळतं.

‘केस कातरून घेतात, प्राण्याला इजा होत नाही.’ असं होत नाही. बॅजर हा काही पाळलेला मेंढा नाही. ब्रशाचे केस मारलेल्या जनावराच्या कातड्यावरून काढतात. जगातल्या ब्रशांना लागणारा बहुतेक माल चीनमधून येतो. तिथे बॅजर पकडून, कोंडून कसे मारले जातात याचं चित्रण पेटा एशिया या प्राणिहक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये पुढे आणलं, आणि त्यानंतर काही नावाजलेल्या कंपन्यांनी बॅजरचे केस वापरणं सोडलं. ब्रिटनमध्ये बॅजरला १९९२ च्या स्वतंत्र कायद्याने संरक्षण आहे, तिथे परवान्याशिवाय त्याला मारणं गुन्हा आहे. हे सगळं कळल्यावरही कोणी घेतला तर तो त्याचा निर्णय. पण इजा होत नाही असं सांगून विकू नये.

याच मुद्द्याला जोडून एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्या जंगलात आढळणाऱ्या चांदी अस्वलाला इंग्रजीत हनी बॅजर म्हणतात. मजकुराखाली कोणीतरी ‘हा तर आपल्याकडेही असतो’ असं लिहिलेलं मी पाहिलं आणि मला धास्ती वाटली. ब्रशाचा बॅजर तो हा नाही. चांदी अस्वल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणं, पकडणं, त्याचे केस-कातडं बाळगणं यात तुरुंगवास आहे. मुंगसाचंही तेच. मुंगसाच्या केसांचे रंगकामाचे ब्रश आपल्या देशात चोरून बनत होते, आणि २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावाने अनेक राज्यांत धाडी घातल्या. तेव्हा बाजाराच्या दिवशी कोणी ‘जंगली केसाचा अस्सल ब्रश’ म्हणून काही पुढे केलं तर हात लावू नका.

‘सिल्व्हरटिप म्हणजे अस्सल, जाळून बघा.’ प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप ही नावं बॅजर ब्रशांवर असतात खरी, आणि साधारणपणे याच क्रमाने किंमत चढते. पण ही प्रतवारी कोणत्याही सरकारी किंवा जागतिक मानकाने बांधलेली नाही. एका कंपनीचा ‘बेस्ट’ दुसरीच्या ‘सुपर’पेक्षा सरस असू शकतो. सिल्व्हरटिपचं टोक मुळातच पांढरं असतं, पण टोकं ब्लीच करून पांढरी केलेले ब्रशही विकले जातात. डुकराच्या केसांवर मधे काळा पट्टा रंगवूनही बॅजरसारखे ब्रश बनतात. जाळून एवढंच कळतं की केस जनावराचा आहे की प्लास्टिकचा. प्लास्टिक वितळून गोळी होते, केस जळकट वास देतो. डुकराचा केसही तसाच वास देतो, मग बॅजर सिद्ध कुठे झाला? टोक बघणं जास्त उपयोगाचं. उजेडात धरा. दुभंगलेलं टोक डुकराच्या केसाचं, बारीक होत गेलेलं बॅजरचं किंवा चांगल्या कृत्रिम धाग्याचं.

‘उकळत्या पाण्यात बुडवा, उलटा टांगा.’ उकळत्या पाण्याने केस कडक होऊन तुटतात आणि झुपका धरून ठेवणारा गोंद सुटतो. कोमट पाणी पुरे. उलटा टांगण्याचा आग्रहही नको. नीट धुतला, झटकला, टॉवेलवर पुसला आणि हवेशीर जागी उभा ठेवला तरी तो वाळतो. बंद डबीत मात्र ओला ब्रश कधीही ठेवू नये, बुरशी धरते. सुरुवातीला थोडे केस गळतात, पुढेही गळतच राहिले तर दुकानदाराला परत करा. आणि ब्रश गालावर दाबून घासू नका. केस मधोमध तुटतात आणि झुपक्यात खड्डा पडतो.

मजकुरात न लिहिलेली पण आपल्या भागात हमखास होणारी गोष्ट म्हणजे बुडाशी साचणारी पांढरी खर. ती जड पाण्यात साबणाची जी न विरघळणारी साय होते तिचीच. ब्रश राठ वाटायला लागला की पेलाभर कोमट गोड्या पाण्यात अर्धं लिंबू पिळा किंवा चमचाभर पांढरं व्हिनेगर घाला, त्यात केस थोडा वेळ बुडवून ठेवा आणि गोड्या पाण्यानेच धुवा. कपड्याची पावडर किंवा सोडा वापरू नका, जनावराचा केस त्याने खराब होतो.

बॅजरचा चांगला ब्रश गालाला सुखाचा लागतो, हे मी नाकारत नाही. ब्रशाने दाढीचे केस उभे राहतात, साबण मुळापर्यंत पोचतो, ही त्या मजकुरातली गोष्टही खरी आहे. ज्यांनी घेतलाय त्यांनी फेकू नये, नीट जपून वापरावा. ज्यांना नवा घ्यायचाय त्यांनी बारीक टोकाच्या धाग्याचा कृत्रिम ब्रश घ्यावा, एकट्याने वापरावा, आणि वाचलेल्या पैशातून आरओच्या कॅनचं पाणी आणावं. दुकानात येताना तुमचा ब्रश आणि घरचं बाटलीभर पाणी दोन्ही घेऊन या, कुठे अडतंय ते समोर करून दाखवतो.