दहा दिवसांत युद्धकला आणि अण्णांची ताडपत्री

आमच्या कट्ट्यासमोरच्या खांबावर परवा फलक लागला. 'शिवकालीन युद्धकला प्रशिक्षण शिबिर. फक्त १० दिवसांत लाठी, तलवार, दांडपट्टा. वय ६ ते ६०.' खाली डझनभर चेहरे, त्यातले निम्मे गेल्या महिन्यातल्या वाढदिवसाच्या फलकावरून उचललेले. तिथीची शिवजयंती तोंडावर आली की कोल्हापुरात वैशाखाच्या उन्हाबरोबर असे फलकही तापायला लागतात.

काडी टाकली सुहासनं. तो कराटेचा क्लास घेतो.

"दहा दिवसांत? माझ्याकडं पोरगं पिवळ्या पट्ट्यासाठी महिनोन् महिने घासतंय, आणि तुमच्यात दहा दिवसांत मावळा तयार?"

'तुमच्यात' म्हणजे बाळ्याकडं बोट. बाळ्या शिरोलीला फौंड्रीत कामाला आहे, पण आठव्या वर्षापासून तालमीत मर्दानी खेळ खेळतो. मिरवणुकांचे दिवस आले की त्याच्या गाडीला गोणपाटात गुंडाळलेला दांडपट्टा बांधलेला असतो.

"आमच्या वस्तादांनी मला पट्टा हातात द्यायला चार वर्षं लावली," बाळ्या म्हणाला. "त्या फलकवाल्याचं मला सांगू नको, भावा."

"बरं, चार वर्षं. पण शिकलास काय? हलगी वाजली की गरागरा फिरायचं आणि झोपलेल्या माणसाच्या पोटावरचं लिंबू कापायचं. लिंबू उलटा वार करतं व्हय रं?"

"फरी-गदका, ढाल नि काठीची लढत, बघितलायस कधी? समोर माणूस असतोय, त्याच्या हातातपण गदका असतोय. एकदा नडगीवर खा, मग बोल."

"आणि हलगी थांबली की मारामारीपण थांबते."

"तुझी शिट्टी वाजली की थांबती तशीच!"

इथपर्यंत नेहमीचंच. सुहासनं मग घोडचूक केली. म्हणाला, "आमची हजारो वर्षांची शिस्त आहे. सामुराईंची."

मास्तर पेपरातून वर बघायला लागले. मास्तर म्हणजे आमचे निवृत्त इतिहासशिक्षक. ते पेपर घडी घालून मांडीखाली ठेवतात तेव्हा अर्धा तास कुणाची सुटका नसते. पेपर मांडीखाली गेला.

"सुहास, कराटे ओकिनावाचं. सामुराई जपानच्या मुख्य बेटांवरचे. त्यांनीच १६०९ मध्ये ओकिनावा जिंकून घेतलं. म्हणजे ज्यांच्या टाचेखाली ही विद्या होती, त्यांच्याच नावानं तू ती विकतोयस. फुनाकोशी नावाचा तिथलाच मास्तर ती टोकियोला घेऊन आला १९२२ मध्ये. शाहू महाराज गेले त्याच साली. तुझा पांढरा गणवेश आणि रंगीत पट्टे ज्यूदोकडून घेतलेले. आणि ज्यूदो कानोनं काढलं १८८२ मध्ये. मूळ विद्या जुनी असेल, पण तू पोरांना शिकवतोस तो साचा शंभर वर्षांचा."

"पण बुशिदो तरी..."

"सामुराईंचं शील म्हणून जगभर जे गाजलं ते नितोबे नावाच्या माणसानं १९०० च्या सुमारास अमेरिकेत बसून लिहिलं. तेही इंग्रजीत! तलवार लावून फिरायला बंदी आली १८७६ ला. कमरेची तलवार गेल्यावर तिचं तत्त्वज्ञान आलं."

बाळ्यानं टाळी मागितली. मास्तरांनी दिली नाही.

"तू खूश होऊ नकोस. तुझ्या वस्तादांच्या तोंडून 'युद्धकला' हा शब्द कधी ऐकलायस?"

बाळ्या थोडा वेळ गप्प. "नाही. खेळच म्हणायचे. मर्दानी खेळ."

"खेळ! त्यांना माहीत होतं ते काय करतायत. तुम्हा पोरांनाच खेळ म्हटलं की कमीपणा वाटतो, म्हणून फलकावर युद्धकला."

मला हे जरा लागलंच. पण मास्तर पुढं जे बोलले ते मी तरी शाळेत ऐकलं नव्हतं. आपण सगळे सरधोपट सांगतो की इंग्रजांनी १८७८ चा शस्त्र कायदा आणला आणि विद्या बुडाली. मास्तर म्हणाले, कोल्हापूर संस्थान होतं, इथली गोष्ट त्याच्या आधीच संपली होती. गडावर पिढ्यान् पिढ्या राखणीला असलेले गडकरी, त्या चाकरीपोटी जमिनी कसून खाणारे. १८४४ मध्ये कारभाराच्या नव्या व्यवस्थेत त्यांच्या चाकरीवर आणि जमिनीवर गदा आली. सामानगड उठला, पन्हाळा उठला. बंड मोडलं आणि पन्हाळ्याचा चार दरवाजा इंग्रजांनी पाडून टाकला. "हत्यार जप्त होण्याआधी हत्याराची नोकरी गेली," मास्तर म्हणाले. "नोकरी नसलेली विद्या कुठं जाणार? तालमीत आणि मिरवणुकीत. खेळ झाली म्हणून जगली, नाहीतर तुझ्या हातात आज पट्टा नसता."

"पण पट्टा म्हणजे काय साधं हत्यार न्हवं," बाळ्यानं हुकमाचं पान काढलं. "२०२४ ला सरकारनं राज्यशस्त्र केलंय. जिवा महालानं प्रतापगडाखाली..."

"जिवा महाला कोण होता?"

"महाराजांचा अंगरक्षक."

"जात?"

"न्हावी म्हणत्यात."

"आणि तू मघाशी चहा सांगताना काय म्हणालास? लढवय्येपणा रक्तातच असावा लागतो."

तसं तो म्हणाला होता खरं, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मीसुद्धा.

इथं मास्तरांचा आवाज चढला. जन्मजात लढवय्या जातींची यादी ही साहेबाची कारागिरी, म्हणाले. १८५७ नंतर त्यांनी कोण लढाऊ आणि कोण मऊ याची वर्गवारी लावली. सरसेनापती रॉबर्ट्सच्या लेखी शीख, गुरखे, पठाण हे खरे लढणारे; आणि मुंबई इलाख्यातल्या मराठ्यांमधली जुनी लढाऊ वृत्ती मेलेली आहे, असं त्यानं चक्क लिहून ठेवलंय. "त्या यादीत आपलं नाव नापासांत होतं, बाळ्या! पुढं पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी झुंजल्या तेव्हा साहेबाचं मत बदललं." आणि ज्यांनी कंपनीच्या फौजेत पिढ्या घातल्या त्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंदच केली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. "तेवढ्यात रक्त बदललं होतं का कुणाचं? भरतीचं रजिस्टर बदललं होतं."

कुणी काही बोललं नाही. अण्णांनी तेवढ्यात न मागता चहाची दुसरी फेरी ठेवली. हा त्यांचा जुना डाव.

"मग सर, शिवकालीन युद्धकला म्हणजे काय होतं हो?" मी विचारलं. वातावरण निवळावं म्हणून विचारलं, पण मास्तरांनी धडाच उघडला.

"गवत," ते म्हणाले.

"काय?"

"गवत. वैरण. राज्याभिषेकाच्या आधी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं पत्र वाच. त्यात पट्टा नाही, तलवार नाही. आहे ते गवत आणि दाणा. आता मनमानी उधळलंत तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. गवताजवळ चुली पेटवू नका, तंबाखू ओढू नका. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंज्या जळतील. आणि रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, नाहीतर लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. उंदीर वात नेईल इथवर विचार करणारा माणूस होता तो! दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायचं, पावसाच्या आत परत यायचं. स्वतःचा घोडा नाही म्हणून शिलेदार होता येत नसेल, तर सरकारी घोड्यावर बारगीर व्हायचं. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. ही हजेरी, ही चाल, ही वैरण म्हणजे युद्ध. वार करायची वेळ शेवटी यायची."

"मग शिबिरात दहा दिवस गवतच कापायला लावा की पोरांना," सुहास हसला.

"बिघडलं कुठं?" हे अण्णा. पहिल्यांदाच बोलले. अण्णा जुने पैलवान, दोन्ही कान मोडलेले, बोलताना समोरच्याकडं न बघता किटलीकडं बघतात. "मी तालमीत गेलो तर वस्तादांनी पहिले सहा महिने डावच दावला न्हाई. पहाटं चारला उठून हौद उकरायचा. फावड्यानं तांबडी माती खालची वर, वरची खाली. तीत ताक, हळद, लिंबू, गोडं तेल. ढेकूळ ऱ्हायलं तर वस्ताद तेच उचलून पाठीत घालायचे. माती मऊ ऱ्हायली न्हाई तर आपटल्यावर समोरच्याचा खांदा निघतोय. तवा कुठं कळलं, आपून दुसऱ्यासाठी उकरतोय."

अण्णांचं एवढं लांब भाषण मी आजवर ऐकलेलं नाही.

पण बाळ्याला हे पटवून घ्यायचं नव्हतं, आणि खरं सांगू का, माझंही मन त्याच्याच बाजूला होतं. तो उठला, गाडीवरचा पट्टा सोडून आणला. "सर, तुमचं गवत मान्य. पण ह्यो नुसता मिरवणुकीसाठी केलाय असं म्हणायचं असलं तर एकदा हात घालून बघा." मास्तरांनी गुडघे पुढं केले. पट्टा सुहासकडं गेला.

दांडपट्टा लांबून बघणाऱ्याला तलवारच वाटतो. तसा तो नाही. कोपरापर्यंत येणारा लोखंडी खोबळा, आत आडवी मूठ. मूठ धरली की मनगट संपलं. वळतच नाही. सुहासनं सवयीनं मनगटातून झटका द्यायला बघितला आणि खोबळ्याच्या कडेनं त्याचीच कातडी सोलली. चार फुटांचं लवलवतं पातं त्याच्या मागोमाग वेड्यासारखं हललं.

"मनगट इसर," बाळ्या म्हणाला. "खांद्यातनं काढ. आणि पाय. हात फिरला की पाय फिरलाच पायजे, न्हाईतर पातं तुझ्याच नडगीवर येतंय. पवित्रा बदल. आता उलटा. थांबायचं न्हाई."

तिसऱ्या हाताला सुहासच्या लक्षात आलं असावं, कारण त्याचा चेहरा बदलला. पट्टा थांबवता येत नाही म्हणून माणूस फिरत राहतो, आणि माणूस फिरत राहिला की चारी बाजूंनी कुणी जवळ येऊ शकत नाही. लिंबू कापायला कुणी असलं हत्यार घडवणार नाही. हे वेढ्यात सापडलेल्या माणसाचं हत्यार आहे. मास्तरही मान कलती करून बघत होते. हलगी नव्हती, तरी बाळ्या तोंडानं ठेका धरून होता, आणि तो ठेका पायांसाठी असतो हे मला त्या दिवशी समजलं.

चौथ्या हाताला 'फर्र' असा आवाज आला.

अण्णांच्या टपरीची ताडपत्री, बरोबर किटलीच्या वर, हातभर फाटली. सुहास पट्टा तसाच हवेत धरून उभा. मनगट अडकलेलं, त्यामुळं खालीही ठेवता येईना.

अण्णांनी वर बघितलं, मग वही काढली. ताडपत्री, दोनशे रुपये. कुणाच्या नावावर, यावरून पुढचा अर्धा तास गेला. सुहासचं म्हणणं, हत्यार बाळ्याचं. बाळ्याचं म्हणणं, हात सुहासचा. मास्तरांनी पेपर परत उघडला होता. शेवटी अण्णांनी माझ्या नावावर लिहिले, कारण शिवकालीन युद्धकला म्हणजे काय हे विचारलं मी होतं.