ताई, एक तुकडाच तर होता!

आज सकाळी बँकेत पाय ठेवते न ठेवते तोच आमची अंदमानची सहल काढणाऱ्या ट्रॅव्हलवाल्याचा फोन. "ताई, तुमचा रिव्ह्यू राहिलाय. पाच स्टार देऊन टाका ना." मी म्हटलं, भाऊ, त्या दिवशी समुद्रात काय झालं ते मी तुम्हाला दोनदा सांगितलंय, त्याचं काय केलंत? तर हसला. चक्क हसला, आणि म्हणाला, "अहो ताई, एक तुकडाच तर होता! एवढ्या मोठ्या दर्यात काय कमी पडणार आहे?"

तेव्हापासून डोक्यात नुसता जाळ झालाय. हे लिहून काढल्याशिवाय आज झोप येणार नाही.

तुकडा! कोरलचा, म्हणजे प्रवाळाचा. त्यांच्या गाईडनं माझ्या लेकीच्या तळहातावर ठेवला होता तो. वीतभर लांब, हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या फुटलेला, तपकिरी, प्रत्येक फांदीचं टोक फिकट. जिथून मोडला होता तिथे खडूसारखा पांढराफेक. हाताला शेंबडासारखा बुळबुळीत लागत होता, कारण तो जिवंत होता. कोरलला पाण्याबाहेर काढलं की ते असाच चिकट द्रव सोडतं. "ले बेटा, घर ले जा, शोकेस में रखना," म्हणाला तो. आणि माझी नऊ वर्षांची पोर त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, हे परत चिकटवता येईल?"

या पोरीची समुद्राची ओढ मी सांगू? आमच्या बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये ब्लू व्हेलचा सांगाडा आहे, मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला. दर रविवारी तिथे जायचं, जबड्यापासून शेपटीपर्यंत पावलं मोजायची आणि घरी येऊन आजीला हिशोब सांगायचा. अंदमानचं ठरलं तेव्हापासून तीन महिने न्हाणीघरात बादलीत तोंड बुडवून श्वास धरायचा सराव. माशांची नावं पाठ. पोपटमासा कोरलवरचं शेवाळ खरवडून खातो, त्याबरोबर कोरलचा चुरा पोटात जातो आणि मागून वाळू होऊन बाहेर पडते, हे तिनं मला सांगितलं, मी तिला नाही.

आणि तिच्या वाट्याला काय आलं? दहा मिनिटं. घड्याळ लावून दहा. हॅवलॉकचा, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाचा एलिफंट बीच. जेटीवरून बोटीनं न्यायचं, किनाऱ्यावर तास-दीड तास रांगेत बसवायचं, मग 'अगला ग्रुप, अगला ग्रुप'. मास्क आणि नळ्या एका निळ्या बादलीत. आधीच्या माणसाच्या तोंडातली नळी काढली, त्या बादलीत एकदा बुचकळली की पुढच्याच्या तोंडात. माझ्या नळीला दातांच्या खुणा होत्या आणि पानमसाल्याचा वास येत होता. मी दुसरी मागितली तर "मॅडम, सब यही यूज करते हैं."

पाण्यात एक हवेची रिंग. ती धरायची, आणि गाईड आपल्याला गाडा ओढावा तसा ओढत नेणार. खाली डोकं घालून काही दिसायला लागलं की लगेच खांद्यावर थाप, "फोटो! फोटो!" दहातली सहा मिनिटं फोटोत गेली. त्या फोटोंचे पैसे वेगळे, हे पाण्यातून बाहेर आल्यावर कळलं. खिशातून बिस्किटाचा पुडा काढून त्यानं चुरा सोडला, की मासे बदाबदा येऊन पोरीच्या काचेवर आदळायला लागले. ती घाबरली. बिस्किटाला चटावलेला मासा शेवाळ खायचं सोडतो आणि मग तेच शेवाळ कोरलला गुदमरवतं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. पुडा तिथेच तरंगत होता. मी तो पकडून स्विमसूटच्या बाहीत कोंबला.

आणि दमला की तो उभा कशावर राहायचा? कोरलवर! रबरी सपाता घालून. त्याच्या पायाखाली करकर आवाज यायचा, मास्क पाण्यात असताना तो स्पष्ट ऐकू येतो, आणि मला आज बँकेत बसूनही ऐकू येत होता. तसाच उभा राहून तो खाली वाकला, हात घातला, हिसका दिला. कटकन.

हा समुद्र काय काय सोसून उभा आहे याची त्या रावपुऱ्यातल्या ऑफिसात पंख्याखाली बसून पॅकेज विकणाऱ्याला काही कल्पना आहे का? २००४ च्या सुनामीच्या वेळी भूकंपानं उत्तर अंदमानची जमीनच वर उचलली गेली, कितीतरी कोरल पाण्याबाहेर उघडे पडून मेले. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की अंदमानचे कोरल पांढरे पडले. त्यांच्या अंगात राहून त्यांना अन्न पुरवणारं सूक्ष्म शेवाळ पाणी तापल्यावर निघून जातं, म्हणून ते पांढरे पडतात, आणि तसेच राहिले तर उपाशी मरतात. त्यातून जे जगलं, वाचलं, पुन्हा फुटलं, ते आपण शोकेससाठी मोडायचं? गोल, दगडासारखे दिसणारे कोरल वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. फांद्यांचे भराभर वाढतात म्हणे, म्हणून काय मोडायचे? वन्यजीव कायदा १९७२ चा, आणि २००१ पासून ही भिंती बांधणारी सगळी कोरल त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत! वाघाचं नख मोडून कोणी पोरीच्या हातात ठेवलं असतं तर हा फोनवर हसला असता?

मी त्या गाईड मुलाला म्हटलं, परत खाली नेऊन खाचेत ठेव. "टाइम हो गया मॅडम." मग लेकीनंच बोटीतून वाकून तो पाण्यात सोडला. वाळूवर पडला. वाळूवरचा तुकडा लाटेबरोबर घासत राहतो, तो काही धरत नाही. ती परत येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. रात्री जेवली नाही.

त्या पोरावर मी ओरडले, हे खरं. पण राग त्याच्यावर नाही. विशीतला मुलगा, दिवसाला किती फेऱ्या मारल्या त्यावर पैसे, ओठ खाऱ्या पाण्यानं फाटलेले. त्याला कोणी शिकवलं नाही, आणि ज्यांनी 'गाईड' या शब्दाचे आपल्याकडून पैसे घेतले त्यांनी त्याला शिकवायची गरजही मानली नाही. संताप त्यांचा येतो.

लाइफ जॅकेटचंही तेच. सासूबाईंच्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं, तिथे सुतळी बांधलेली. मी बदलून मागितलं तर बोटवाला म्हणाला, पाच मिनिटांचा रस्ता आहे, नसलं तरी चालतं. नसलं तरी चालतं? आम्ही बडोद्याचे आहोत! १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त मुलं भरली होती, कित्येकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. तोही छोटासाच फेरा होता, घराजवळचा तलाव होता. त्या संध्याकाळी या गावात कोणाच्या घरी धड चूल पेटली नव्हती. आणि त्याच गावात ऑफिस थाटून बसलेला माणूस मला सांगतो, "ताई, तिकडे सगळे असेच जातात." मी बोटीतून उतरून उभी राहिले. वीस मिनिटं बोट अडवली. बरोबरचे लोक मला शिव्या देत होते, देऊ देत. जॅकेट बदलून मिळालं तेव्हाच चढलो.

आता गुहा. बाराटांग बेटावरची, चुनखडीची. पोर्ट ब्लेअरहून, आताच्या श्री विजयपुरमहून, पहाटे तीनला उठवून काढलं. जिरकाटांगच्या चौकीवर गाड्यांची रांग, मग काफिल्यानं जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून. चौकीवर पाटी, गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही. आणि आमच्याच गाडीतले एक काका सबंध रस्ताभर मोबाइल काचेला लावून बसलेले, "दिसला का? दिसला का?" माणसं आहेत ती! २०१२ मध्ये जारवा बायकांना खाण्याचं आमिष दाखवून नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला, देशाची लाज गेली, तरी हे सुधारायला तयार नाहीत. गाईड पुढे बसून गप्प. त्याचं काम होतं ना तो मोबाइल खाली ठेवायला लावायचं? शेवटी माझ्या नवऱ्यानं सांगितलं, तेव्हा काका आमच्यावरच रुसले.

नीलांबूर जेटीवरून छोट्या बोटीनं खारफुटीच्या खाडीतून नेतात. शेवटी दोन्ही बाजूंची झाडं डोक्यावर मिळतात, पाणी हिरवं काळं, आवाज फक्त इंजिनाचा. ती दहा मिनिटं मी कोणाला विकणार नाही. मग रानातून दीडेक किलोमीटर चालत, सासूबाई काठी टेकत टेकत आल्या, एकदाही कुरकुर नाही. आत गेल्यावर काय? "ये देखो गणेशजी. ये हाथी की सूंड. ये शेषनाग. चलो, आगे चलो." संपलं! लेकीनं विचारलं, हे वरून लोंबतंय ते तयार कसं होतं? "कुदरत का करिश्मा है." आणि त्याच हातानं एका लोंबत्या दगडावर टकटक करून दाखवलं, त्यामागून आमच्या गटातल्या प्रत्येकानं हात फिरवून घेतला. हात पोचतो तेवढा सगळा दगड काळा, तुळतुळीत झालाय. हाताचं तेल लागलं की त्यावर नवा थर नीट बसत नाही. बोटभर लांबी वाढायला शेकडो वर्षं लागतात, आणि तिथे रोज किती हात फिरत असतील!

मला सगळ्यात जास्त हेच लागलंय. गुहा आणि समुद्र एकाच पॅकेजमध्ये विकता, आणि दोन्ही मुळात एकच गोष्ट आहे हे कोणी सांगत नाही. चुनखडी म्हणजे काय? जुन्या समुद्रातल्या जिवांची कवचं, शंखशिंपले, कोरलचे सांगाडे, तळाशी साचून दगड झालेले. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन थोडं आंबट होतं, तो दगड विरघळवत खाली झिरपतं, आणि गुहेच्या छताला थेंब लोंबला की तो वायू निघून जातो, चुना मागे राहतो. थेंबाथेंबानं तो दगड होतो. आदल्या दिवशी एलिफंट बीचवर जे मोडलं, त्याचंच जुनं रूप दुसऱ्या दिवशी डोक्यावर लोंबत होतं. दोन वाक्यं लागतात हे सांगायला. मीच सांगितलं मग, गुहेत उभी राहून, मागचे लोक ढकलत असताना. लेकीनं वर बघून हळूच विचारलं, "म्हणजे हे पण कोणाचं तरी घर होतं?"

हे अंदमानपुरतं आहे असंही नाही. जामनगरजवळ नरारा आहे, कच्छच्या आखातातल्या, देशातल्या पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, उद्यान १९८२ चं. ओहोटीला चालत जाऊन कोरल बघता येतात, बोटही नको. चार वर्षांपूर्वी गेलो तर तिथे माणसानं फुगामासा पाण्यातून उचलला, चिडवून चिडवून फुगवला आणि पोरांच्या हातात दिला, फोटोसाठी. मासा फुगतो तो घाबरून फुगतो! २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीच्या मगरी आमच्या सोसायट्यांत शिरल्या, तेव्हा याच गावातल्या लोकांनी लांब उभं राहून स्वयंसेवकांना फोन केले. जनावर आपल्या दारात आलं तर आपल्याला कळतं, आणि आपण त्याच्या दारात गेलो की का कळत नाही?

थायलंडनं माया बेची अशीच नासाडी झाल्यावर २०१८ मध्ये तो किनारा सरळ बंद केला, २०२२ पर्यंत उघडला नाही. धंदा बुडाला असेल, बुडू दिला. आपल्याकडे बंद करायचं राहू दे, निदान पायाखाली बघून उभं राहा एवढं तरी शिकवा. पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं बोला. बादलीत साबण घाला. दहाची वीस मिनिटं करा, मी दुप्पट पैसे देते. खरंच देते.

फोन मी ठेवला. जेवणाच्या सुट्टीत बघते तर व्हॉट्सअॅपवर त्याचंच पॅम्फ्लेट. उन्हाळी सुट्टीचं बुकिंग सुरू. मधोमध फोटो माझ्या लेकीचा. बोटीत बसलेली, केसांतून पाणी निथळतंय, आणि ओंजळीत तो तुकडा. न विचारता छापलाय. खाली ठळक अक्षरांत, 'समुद्राची भेट, मुलांसाठी'. तिचा चेहरा कोणी नीट बघितलाच नाही. ती रडायच्या बेतात आहे त्या फोटोत, आईला दिसतं ते.

मी लिहिलं, हा फोटो आत्ताच्या आत्ता उतरवा. शाळेतून आल्यावर ती माझा फोन घेते, तिनं बघायच्या आत उतरवा. दोन निळ्या टिका आल्या दीड वाजता.

आता साडेचार झालेत. पॅम्फ्लेट आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आलंय.